वज्रीनं न गेलेला डाग
नातवंडांनो, काल तुम्ही पाठवलेल्या फोटोत उन्हानं सोललेली तुमची नाकं पाहिली, म्हणून हे आजच लिहिते आहे. तुमचे आजोबा गोरेपान, डोक्याला टक्कल, आणि सारा जन्म कपाशीच्या शेतात उघड्या डोक्यानं फिरलेले. तुमच्या जन्माआधी एका रविवारी त्यांच्या डोक्याला तेल चोळताना माझ्या बोटांना सँडपेपरसारखं खरखरीत काहीतरी लागलं. डोळ्यांना ते जेमतेम दिसत होतं. "पापुद्रा हाये. पाय घासायच्या वज्रीनं घासलं का जाते," ते म्हणाले. "अन् परत येते?" "येते ना." "मग उद्या यवतमाळले डॉक्टरकडे चला." "उन्हाच्या डागासाठी डॉक्टर? लोक हसतीन मले!" "हसू द्या. डोकं तुमचं असलं तरी तेल लावणारी मी हाये." दीर आणि जाऊ खरंच हसले. मी तरीही तुमच्या आजोबांना नेलंच. डॉक्टरांनी डाग गोठवून काढला. म्हणाले, हा कर्करोग नाही, पण असाच राहू दिला असता तर होऊ शकला असता. वज्री मी त्याच संध्याकाळी फेकून दिली आणि रुंद काठाची टोपी आणली. ती ते लग्नातही घालतात, लोक अजून हसतात. डागाच्या जागी आता एक पांढरा ठिपका आहे, आणि ठिपक्याखाली तुमचे आजोबा अजून धडधाकट आहेत.