मेथीच्या वाफ्यातली खुडूक कोंबडी

मुलांना जबाबदारी शिकवावी असं माझ्या मनात का आलं, ते आता नीट आठवत नाही. कचेरीत मला कोणी जबाबदारीचं काम देत नव्हतं, म्हणून ती घरी वाटावीशी वाटली असेल. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. गंगापूर रोडला भाड्याचं घर, मागे ऐसपैस अंगण आणि मी सरकारी कारकून. तेव्हा मी रीतसर खातेवाटप केलं. मुलगी मोठी, तिला मेथीचा वाफा. मुलगा धाकटा, त्याला कोंबडी. नियम एकच, दुसऱ्याच्या खात्यात हात घालायचा नाही. बायकोने विचारलं, मला कुठलं खातं? मी म्हटलं, उरलेली सगळी. त्यावर ती काही बोलली नाही. ती संमती आहे असा माझा समज झाला.

पहिला घोळ कोंबडीने घातला. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबली आणि दिलेल्या अंड्यांवर पिसं फुगवून ठाण मांडून बसली. आता बसावं कुठे, तर मेथीच्या वाफ्यात, बरोबर मधोमध. मुलगी झारी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. पाणी घातलं तर कोंबडी भिजते, नाही घातलं तर मेथी वाळते, आणि कोंबडी उचलावी तर ते भावाचं खातं. मुलाचं म्हणणं, कोंबडी माझी, पण जमीन ताईची, मी काय करू? दोघंही नियमाने बरोबर होती. मी बराच विचार करून अर्ध्या वाफ्याला पाणी घालावं असा निर्णय दिला. पुढे वाफा अर्धा हिरवा, अर्धा पिवळा दिसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो शेतीतला प्रयोग असल्याचं सांगत असे.

मुलाचा मात्र जीव त्या अंड्यांत अडकला होता. शाळेतून आला की पाठीवरचं दप्तर न काढता तो वाफ्याशी उकिडवा बसायचा. शेजारच्या कोंबड्याच्या भरवशावर, जन्माला न आलेली पिल्लं त्याने वर्गातल्या मित्रांना देऊनसुद्धा टाकली होती.

एवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली आणि त्याला न्यायला विंचूरहून मामा आला. मुलगा जायला तयार होईना. मामा मुद्दाम आलाय, नाही कसं म्हणायचं, असं मी दरडावलं. तेव्हा तो ज्वारीचा डबा हातात घेऊन माझ्याकडे आला. मी दाढी करत होतो.

"बाबा, कोंबडीचा चार्ज कोणाला देऊ?"

हा शब्द माझाच. चार्ज दिल्याशिवाय रजेवर जायचं नसतं, हे मी जेवताना घरच्यांना कितीदा तरी ऐकवलं होतं. गालाला वस्तरा लागलेला असताना माणूस जे म्हणतो तेच मी म्हटलं, "बघू." डबा खिडकीत ठेवून तो गेला.

आता कोंबडी कोणाच्याच खात्यात नव्हती. पण उपाशी कशी ठेवणार? मी सकाळी कोणी बघत नाही असं पाहून तिला अलगद उचलायचो आणि ज्वारीपुढे ठेवायचो. ती दोन दाणे टिपून दुसरीकडे बघायची. मला वाटलं, पोराच्या आठवणीने झुरतेय. माझे डोळेसुद्धा पाणावले.

मुलगा परतला तो चपला न काढता थेट मागे गेला. कोंबडी अंगणाच्या पार टोकाला कोणीतरी टाकलेला दिवाळीचा चिवडा टिपत हिंडत होती. त्याने अंड्यांना हात लावला. गार.

"चार्ज कोणाकडे होता?"

हळूहळू बाहेर आलं. सकाळी मी, दुपारी मुलगी, संध्याकाळी बायको. तिघंही एकमेकांपासून लपून कोंबडीला उठवून जेवू घालत होतो.

बायको म्हणाली, "खुडूक कोंबडी दिवसातून एकदा आपली आपण उठते, खाते, परत बसते."

"मग तू कशाला उठवलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं, मी एकटीच बघतेय."

मुलगा रडला नाही, ते मला जास्त जड गेलं. त्याने कोंबडी आणून अंड्यांवर बसवली आणि म्हणाला, "आता कोणी काही करू नका." एवढं सोपं काम, पण मला ते फार अवघड गेलं. मी खिडकीशी जायचो आणि परत फिरायचो.

शेवटी मोजकी पिल्लं निघाली. उरलेली अंडी तशीच राहिली. ती पुरायला मुलीने स्वतःच आपल्या वाफ्यात खड्डा केला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि नियमात तर ते मुळीच बसत नव्हतं.

पिल्लांना पाय फुटले तशी ती कोंबडीमागून मेथीत शिरली आणि हिरवी बाजूही उकरून मोकळी झाली. आता हे कोणाचं खातं, असा प्रश्न घेऊन दोघं माझ्यापुढे आली. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "बघू..." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत निघून गेली.

संध्याकाळी कचेरीतून आलो तर मुलगा वाफ्याभोवती काटक्या रोवत होता आणि मुलगी टोपलीखाली पिल्लं झाकत होती. कोणाचं खातं कोणाकडे गेलं, मी विचारलं. दोघांनीही मान वर केली नाही. आतून बायको म्हणाली, "अहो, त्यांना करू द्या. तुम्ही चहा घ्या."

मी चहा घेतला. ती दोघं जे शिकली ते माझ्यामुळे की मला वगळून, हे मी कप रिकामा होईपर्यंत ठरवू शकलो नाही. अजूनही ठरत नाही.