टोकियो ते शाळा: सहाशे चाळीस मीटर

आमच्या महाडच्या वाचनालयाने गेल्या वर्षी ठरवले की दर महिन्याला लहान मुलांना जगातल्या एका मोठ्या शहराची ओळख करून द्यायची. नोव्हेंबरात पॅरिस झाले. ओळख करून देणारे गृहस्थ गोव्याच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते, पण त्यांनी बेकरीतून खारी आणून वाटली आणि पॅरिस मुलांना आवडले. डिसेंबरात टोकियो होते. टोकियो पाहिलेला माणूस गावात मिळेना, तेव्हा बालविभाग सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षिका बाईंनी मला गाठले. माझा धाकटा भाऊ टोकियोत नोकरीला आहे. सख्खा भाऊ तिकडे म्हणजे निम्मा मीही तिकडेच, असा बाईंचा विचार असावा.

मी जमीन मोजणीच्या कामात आहे. मोजल्याशिवाय आकडा सांगायचा नाही ही माझी सवय, घरच्यांच्या मते माझा आजार. बाईंनी मुद्दे लिहून दिले होते. पहिला मुद्दा होता, "जपानी लोक शिस्तप्रिय असतात." किती, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "खूप." एवढ्यावर चाळीस मिनिटे बोलणे शक्य नव्हते. म्हणून मी तीन रविवार भावाला फोन करून एकेका गोष्टीची खात्री करून घेतली आणि ती वहीत उतरवली.

कार्यक्रमाला त्रेचाळीस मुले आली. त्यांना सोडायला आलेल्या स्कूटर बाहेर लागल्या होत्या, त्या अडतीस. सगळ्यात लांबून आलेले मूल एक किलोमीटरवरचे असेल.

आधी संस्कृती झाली. एका मुलीला आईचा शालू उलटा गुंडाळून वर ओढणी बांधली होती, तो किमोनो. सुशी बाईंनी स्वतः केली होती. आत भात, भातात गाजराची काडी आणि बाहेरून समुद्री शेवाळाऐवजी उकडलेले अळूचे पान. मी दोन खाल्ल्या. त्यातले टोकियोचे म्हणावे असे काही असेल तर ते गुडघ्यांवर बसून खाणे, आणि तेही दीड मिनिटात मोडले.

मग मी बोललो. टोकियोतली पहिलीतली मुले पिवळी टोपी घालून आईबापांशिवाय शाळेत जातात, काही तर रेल्वेने जातात. शाळेत गेल्यावर वर्ग तीच झाडतात, दुपारचे जेवणही तीच वाढतात. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. जे पालक मुलांची दप्तरे स्वतःच्या खांद्याला लावून आले होते, त्यांनी जास्त जोरात वाजवल्या.

दारात वाचनालयाच्या सफाईच्या मावशी उभ्या होत्या. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या अंगाला त्यांची वाडी आहे. त्या म्हणाल्या, "साहेब, आमची पोरं रोज डोंगार उतरून शाळंत जातात. वर्गपन तीच झाडतात. त्यांना कोन टाळ्या वाजवीत नाय."

"मावशी, जपानची गोष्ट वेगळी," पुढे बसलेले एक पालक म्हणाले.

"वेगळी हाय ना. तिथं टोपी हाय."

मी पुढचा मुद्दा घेणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून हात वर झाला. माझीच मुलगी.

"बाबा, तिकडची मुलं सहाव्या वर्षी एकटी जातात. मी साडेदहा वर्षांची आहे. मग मला तुम्ही गाडीवरून का सोडता?"

हॉल हसला. माझ्याकडे वाहने आणि कुत्री अशी दोन उत्तरे होती. ती टोकियोतही असणार हे भरल्या सभेत लक्षात आल्यामुळे मी म्हणालो, "प्रश्न चांगला आहे." बाईंनी सुशीची दुसरी फेरी काढली.

घरी आल्यावर मुलगी त्या विषयावरून हलेना. तिला चालत जायचे होते, पूर्ण रस्ता, एकटीने. तिच्या वर्गातली एकही मुलगी अशी जात नव्हती. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या लोकांना सांगून आलात ना? आता घरात लागू करा." मी तीन दिवसांची परवानगी दिली. तीन दिवसांत एकदाही नीट जमले नाही तर चौथ्या दिवशी गप्प गाडीवर बसायचे. तिने हात पुढे करून माझ्याशी हस्तांदोलन केले. ते काही टोकियोचे नाही, पण करार पक्का झाला.

रविवारी मी टेप घेऊन रस्ता मोजला. दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत सहाशे चाळीस मीटर. एक चौक, एक तळे, चार कुत्री, त्यातली दोन झोपलेली. माणसे मोजायला हवी होती, ती राहिली.

सोमवारी साडेदहाला ती निघाली. मी गॅलरीत घड्याळ घेऊन उभा. चालत नऊ मिनिटे लागायला हवी होती. तिसऱ्या मिनिटाला फोन आला. कोपऱ्यावरचे स्टेशनरीवाले.

"पोरगी एकटीच चाललीय तुमची. घरात काही झालंय का?"

चौथ्या मिनिटाला बायकोची मैत्रीण. "गाडी बिघडली का? सांगायचं नाही होय!" आणि पाचव्या मिनिटाला तिचाच पुन्हा, "सोडली हो शाळेत. काळजी करू नका."

संध्याकाळी मुलगी दप्तर आपटून म्हणाली, "काकूंनी दप्तर ओढून घेतलं. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, लाजतेस काय, बस. मी काय करणार!"

मंगळवारी तिला एका रिक्षावाल्या काकांनी उचलले. टोकियोत मूल लाखो अनोळखी माणसांतून शाळेत पोचते. महाडात ते वीसपंचवीस ओळखीच्या माणसांतून पोचू शकत नव्हते. मी भावाला फोन लावला.

"दादा, लक्ष इथलेही दुकानदार ठेवतात," तो म्हणाला. "पण नुसतं बघतात. उचलून नेत नाहीत."

आता एकच दिवस उरला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही सांगा त्यांना."

कुणाला माया करू नका असे सांगणे आमच्याकडे शिवी देण्यापेक्षा वाईट समजतात. तरी मंगळवारी संध्याकाळी मी निघालो. स्टेशनरीवाल्यांना म्हणालो, "उद्या मुलगी जाईल. बघा, पण कुणाला तिला गाडीवर बसवू देऊ नका."

"म्हणजे आम्ही परके?"

"तसं नाही. तिला चालतच जायचंय."

"पाय आहेत म्हणून काय चालायचंच? कशासाठी पण?"

मी टोकियोतल्या मुलांचे सांगितले. पिवळी टोपीही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आवाज खाली आणून विचारले, "नवस बोललाय का?"

मी नाही म्हणालो नाही. तीस वर्षे मोजणीच्या नकाशात एक रेघ चुकीची ओढली नाही मी, आणि स्टेशनरीच्या दुकानात गप्प उभा राहिलो. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मग आधी बोलायचं नाही का! नवस कोण मोडेल?"

पुढे मला फारसे बोलावे लागले नाही. चौथ्या दुकानात मी पोचायच्या आधी नवस पोचला होता.

बुधवारी साडेदहाला ती निघाली. मी फोन हातात धरून गॅलरीत उभा. तिसरे मिनिट गेले, पाचवे गेले. नववे गेले. फोन वाजला नाही. जे हवे होते तेच चालले होते आणि माझ्याच्याने उभे राहवत नव्हते. बायको म्हणाली, "आता तुम्ही कुणाला फोन करू नका म्हणजे झालं."

संध्याकाळी मुलगी आली ती नाचतच. सगळा रस्ता चालली होती, एकटीने. शाळेच्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटे लागली होती.

"नऊ लागायला हवीत," मी म्हणालो. "दोन कुठे गेली?"

"तळ्यापाशी उभी राहिले."

"कशाला?"

"कशालाच नाही. मला कोणी घाई करत नव्हतं." मग तिला आठवले. "बाबा, पण ते स्टेशनरीवाले काका आणि त्या काकू मला बघून हात जोडत होते. का?"

"टोकियोत वाकून नमस्कार करतात," मी म्हणालो. "मी सांगितलं होतं ना?"

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले, पण गाडीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. स्कूटर सकाळी जिन्याखाली उभी असते. साडेदहाला माझा हात अजून किल्लीकडे जातो.

शुक्रवारी वही घ्यायला गेलो तेव्हा स्टेशनरीवाल्यांनी विचारले, "किती दिवसांचा आहे नवस?"

"दहावीपर्यंत."

"बाप रे. कडक दिसतोय देव. कुठला?"

"लांबचा आहे," मी म्हणालो आणि वही घेऊन निघालो.