बाप्पाची म्हणून विकलेली गाडी

ती घटना आठवली की मला आजही आधी शेळ्या आठवतात आणि मग माणसं. पोलीस खात्यातल्या माणसाने असं लिहू नये, पण खरं आहे ते लिहितो.

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या ठाण्यात होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी खबर आली की कोलाडच्या अलीकडे उतारावर कलिंगडांनी भरलेला टेम्पो झाडावर आदळला आहे. आम्ही पोचलो तेव्हा रस्ताभर लाल पाणी होतं. त्यातलं बरंचसं कलिंगडांचं होतं, सगळं नव्हे.

टेम्पो दोन सख्ख्या भावांचा. पेणच्या एका दलालाकडून त्यांनी तो नुकताच जुना घेतला होता. धाकटा चालवत होता, थोरला त्याच्या डाव्या हाताला बसला होता. थोरला जागीच गेला. धाकट्याचा हात मोडला.

धाकटा एकच सांगत होता, "ब्रेक दाबला, पाय तळाला गेला, गाडी थांबलीच नाय." अपघातानंतर असं न म्हणणारा ड्रायव्हर मी नोकरीत क्वचितच पाहिला, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. पंचनामा केला, निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला आणि टेम्पो जप्त करून ठाण्याच्या आवारात आणून लावला. मोटार वाहन निरीक्षकांनी पाहणी केली. पुढच्या बाजूला ब्रेकचा पाइप फुटलेला होता. पण पुढचा भाग इतका चेपला होता की पाइप आधी फुटला की आदळल्यावर, हे त्यांना सांगता येईना.

त्याच दिवशी ठाण्यात एक निनावी फोन आला. "तो पोरगा पिऊन गाडी हाकतो," एवढं सांगून ठेवला. डॉक्टरी तपासणीत दारूचा मागमूस नव्हता. निनावी फोन करणाऱ्याला एक तर सूड घ्यायचा असतो, नाहीतर काही झाकायचं असतं. कोणतं ते तेव्हा कळलं नाही, पण ती गोष्ट मी विसरलो नाही.

थोरल्याच्या बायकोचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. बाई रडत नव्हती. म्हणाली, "लिवा सायेब. याला गाडी जोरात हानायची खोड हाय. माजा मानूस यानं मारला. माज्या दारात आता याला उभा करनार नाय." आईबाप लवकर गेल्यामुळे धाकट्याला याच वहिनीने लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे तिचं बोलणं मला जास्तच कडक वाटलं.

जामिनावर सुटल्यावर तो घरी गेला नाही. एका मित्राच्या पडवीत झोपायचा. ठाण्यात हजेरी आठवड्यातून एकदा द्यायची होती, हा रोज यायचा. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बाकावर बसायचा. दिला तर चहा प्यायचा. तुरुंगाबद्दल त्याने मला एकदाही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाला, "सायेब, वहिनी माज्याशी बोलंल ना कवातरी?"

आता शेळ्या. जवळच्या आळीतल्या शेळ्या कुंपणाच्या फटीतून आवारात घुसायच्या आणि आमच्या हवालदाराचा अर्धा दिवस त्यांना हाकलण्यात जायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "मालकाला बोलवा, नाहीतर शेळ्यांनाच कोठडीत टाका."

हवालदार म्हणाला, "सायेब, गंमत हाय. इतक्या गाड्या उभ्या हायेत, पन ह्या दुसरीला तोंड लावत नाय. ह्याच टेम्पोच्या फळ्या चाटतात."

मी जाऊन पाहिलं. मागच्या फळ्यांचा नवाकोरा निळा रंग पोपडे धरून सुटला होता आणि खालचं लाकूड पांढुरकं दिसत होतं. बोट फिरवून जिभेला लावलं. खारट होतं. लाकडात मीठ मुरलेलं होतं.

धाकट्याला विचारलं, गाडीतून मीठ नेलं का? तो म्हणाला, "नाय सायेब. आमची बाप्पाची गाडी. पेनवरनं गनपती न्यायची, दुसरं काय नाय भरलं तिच्यात. दलालानं सांगितलाय."

आमच्या भागात या बोलण्याला फार वजन आहे. पेणचे गणपती ज्या गाडीतून जातात तिच्यावर माल हलका, खाली पेंढ्याची गादी, आणि ड्रायव्हर खड्डा दिसला की जीव मुठीत धरून चालणारा. हंगाम संपला की गाडी उभीच. शिवाय देव बसलेली गाडी. अशी गाडी जुनी असली तरी तिची चौकशी कोणी करत नाही. आर.सी. पुस्तकात मालकाचं नाव असतं, गाडीने आयुष्यभर काय वाहिलं ते नसतं.

मी पेणला गेलो आणि मूर्तींच्या कारखान्यांतून टेम्पोचं वर्णन सांगत फिरलो. बोट तुटलेली मूर्ती गिऱ्हाईक घेत नाही, त्यामुळे कारखानदार गाडी आणि ड्रायव्हर पारखूनच बोलावतात आणि लक्षातही ठेवतात. हा टेम्पो कोणालाच ठाऊक नव्हता. मग खाडीकडे वळलो. पहिल्या मिठागरावर नकाराच्या माना हलल्या. दुसऱ्या मिठागराच्या मुकादमाने नंबर ऐकताच सांगितलं, "तो आमच्या मिठावरच होता. खालनं पार कुजलेला, ब्रेक धरत नव्हता म्हनून काढला. भंगार म्हनून दिला दलालाला, त्याला सांगून दिला."

रोह्याला परतून निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. या वेळी टेम्पोच्या बुडाचा काळा रंग खरवडून पाहिला. रंग लोण्यासारखा जाड थापलेला आणि त्याच्याखाली ब्रेकचा पाइप गंजून कागद झालेला. मागच्या चाकापाशीही तो फुटला होता, जिथे अपघाताचा धक्काही पोचला नव्हता. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हा प्रकार.

दलालाला आणलं. गोड बोलणारा माणूस. मी त्याला मीठ, ब्रेक काही विचारलं नाही. सराईत माणसाला उत्तर तयार असलेला प्रश्न कधी विचारू नये. मी एवढंच विचारलं, "पोरगा पितो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो चटकन म्हणाला, "मी नाव कुठं सांगितलं होतं?" आणि मग त्याच्याच लक्षात आलं. फोनबद्दल मी अजून काही बोललोच नव्हतो.

त्यानंतर तो सगळं बोलला. गाडी रंगवली, आतमध्ये पेंढा पसरला, पुढे गणपतीचा फोटो लावून हार घातला. "सायेब, बाप्पाची म्हटली की गिऱ्हाईक खाली वाकत नाय. वाकायला लाजतं."

"या दोघांतलं कोणीच वाकलं नाही?"

"धाकटा वाकला होता. मेस्त्रीला दाखवू बोलत होता. थोरल्यानं बकोट धरून उठवला त्याला. बोलला, बाप्पा बसलेत तिच्यात, तू खाली शिरून काय बघतोस? पाया पड नि चल."

धाकट्याने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. इतके दिवस समोर बसून, भावाच्या मृत्यूचा आरोप अंगावर घेऊन, एका शब्दाने नाही. मी त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "दादा गेला, सायेब. आता त्याला काय बोल लावायचा?" त्या दिवशी मला त्या मुलाबद्दल मनापासून आदर वाटला, हे स्पष्ट लिहितो.

दलालावर फसवणुकीचा आणि मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा लागला. धाकट्याला आरोपातून वगळावं असा अहवाल मी कोर्टात दिला. कागदावर एवढंच आलं की खरेदीदारांनी गाडी खालून तपासली नाही. कोणी तपासू दिली नाही, हे सिद्ध करण्याची कायद्याला गरज नव्हती.

मग वहिनीला ठाण्यात बोलावून सगळं समजावलं. मिठागर, गंज, रंग, दलाल. धाकटा भिंतीपाशी उभा होता. बाईने ऐकून घेतलं आणि त्याच्याकडे वळून अपघातानंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"घेताना एकानं तरी खाली वाकून बघायचा नाय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "दादा बोलत होता, मेस्त्रीला दाखवू. मीच घाई केली, वहिनी."

ठाण्यात खोटं खूप ऐकलं, पण हे एक मी खोडलं नाही. बाईने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "तू पयल्यापास्नं असाच. चल घरी." ती पुढे निघाली आणि तो मागून गेला.

आता त्या बाई हयात नाहीत, म्हणून हे लिहितो. निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक जुनी गाडी घेताना मला सल्ला विचारतात. मी सांगतो, रंगाला भुलू नका. गाडीने आजवर काय वाहिलं ते विचारा, आणि विकणाऱ्याला नाही, चालवणाऱ्याला विचारा. जुन्या मालकाने ती का काढली, तेही शोधा. आणि तुमच्याबरोबरचा कोणी गाडीखाली वाकून बघत असेल, तर तो तुमच्यापेक्षा लहान आहे म्हणून त्याला उठवू नका.