देवीच्या बनाला युरिया

आमच्या गावची देवी कडक आहे, असं सगळे सांगतात. गंगाखेडहून एसटीनं आलात तर दोन्ही बाजूंनी ऊस, आणि ऊस संपतो तिथं तिचं बन लागतं. हिवर, पळस, करंज, थोडे लिंब, आणि माणसाला आत शिरू न देणाऱ्या बोरी. बनातली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा नियम. सरकारी नियम मोडल्याशिवाय आमच्या गावाला जेवण जात नाही, पण हा नियम मात्र पाळला जायचा. पानं पडायची, तिथंच कुजायची, आणि चालताना पाय गादीवर पडल्यासारखा वाटायचा.

बनातून एकच गोष्ट बाहेर यायची. पावसाळ्यात पानांच्या थरातून आणि कुजक्या लाकडाशी उगवणाऱ्या छत्र्या. त्याही फक्त आमच्या घरी यायच्या. श्रावणातल्या एका शुक्रवारी त्यांच्या भाजीचा नैवेद्य देवीला दाखवायचा, आणि ती भाजी करायचा मान आमच्या घरच्या बाईचा. कुठली छत्री खायची आणि कुठली खाल्ली तर दवाखाना गाठावा लागतो, हे आईला तिच्या सासूनं शिकवलेलं. भाजी पातेलंभर आणि खाणारं अख्खं गाव, त्यामुळं प्रसाद बोटाच्या टोकावर मिळायचा. चव कळायच्या आत संपायचा, म्हणूनच बहुधा त्याची एवढी ख्याती होती. त्या दिवशी सरपंच स्वतः दारात येऊन म्हणायचे, "काकू, तुमच्याबिगर न्हाई." उरलेलं वर्ष त्यांचं काकूंबिगर झकास चालायचं. आई मात्र त्या एका दिवसावर वर्ष काढायची.

मग माझ्या पोटाचं ऑपरेशन निघालं. परभणीच्या दवाखान्यात मला आत नेलं, तेव्हा आई बाहेरच्या बाकावर बसून नवस बोलली. द्यायचं काय, हा प्रश्न होता. देवीकडं साड्या पेट्या भरून होत्या, आणि घंटा इतक्या की पुजाऱ्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. आईनं विचार केला, शेजारचा ऊस काळाभोर हिरवा आणि देवीची झाडं बघावी तर पिवळट. तिनं युरियाची एक गोणी कबूल केली.

मी वाचलो. डॉक्टरांना वाटलं ते त्यांच्यामुळं, आईला वाटलं ते देवीमुळं. मी दोघांपुढंही मान डोलावली.

त्या हंगामात युरिया कुठं मिळत नव्हता. आईनं माझ्या चुलतभावाला खताच्या दुकानापुढं रांगेत उभं केलं, गोणी आणली आणि बनात स्वतःच्या हातानं फेकली. गावाला ही कल्पना फार पटली. नारळ कुणीही देतं. स्वतःच्या पिकाच्या तोंडचा युरिया देणं म्हणजे खरी भक्ती. मग पोरगी बारावी पास झाली, गोणी. बोअरला पाणी लागलं, गोणी. रुसलेली सून माहेराहून परत आली, गोणी. सुनेला विचारलं असतं तर कदाचित तिनं नको म्हटलं असतं.

पहिल्या वर्षी बन असं हिरवं झालं की त्याचे फोटो मोबाइलवर फिरले. सरपंचांनी भाषणात देवी प्रसन्न झाल्याचं जाहीर केलं. झाडांखाली कमरेएवढं गवत माजलं, तेही प्रसन्नतेतच धरलं. दुसऱ्या पावसाळ्यात आईला छत्र्या मिळाल्या ओंजळभर. तिसऱ्या श्रावणात एकही नाही. झाडांची पानं मात्र पडतील तशीच पडून राहायला लागली, कुजेनातच. त्याआधीच, वळवाच्या वाऱ्यात, एक थोरला हिवर मुळासकट आडवा झाला.

माती हा विषय शिकवणारा माझा एक मित्र आहे. त्याला फोन केला, तर तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, ही झाडं जमिनीतल्या बुरशीला साखर देतात आणि बुरशीचे बारीक धागे त्यांना लांबून पाणी, क्षार आणून देतात. हिवर-पळसासारखी झाडं तर हवेतला नत्रसुद्धा मुळांतल्या गाठींत धरून घेतात. घरी रांधणाऱ्या बाईला रोज आयता डबा लावला तर ती चूल कशाला पेटवील? झाडांनी बुरशीला पोसणं कमी केलं. चिवट पानं कुजवणारी बुरशीही एवढ्या नत्रात काम टाकून देते. छत्री म्हणजे त्या बुरशीचं फळ. बुरशीच नाही, तर छत्री कुठून येणार?

हे मी पारावर सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे देवीला युरिया बाधायलाय म्हणता?" एक जण म्हणाला. "आमच्या उसाला तर न्हाई बाधत."

सरपंचांनी मार्ग काढला. छत्र्या परत याव्यात म्हणून गावातर्फे नवस बोलायचा. त्याची गोणी त्यांनी आगाऊच टाकली.

नैवेद्य तर चुकवता येत नव्हता. सरपंच परभणीहून मशरूमची पाकिटं घेऊन आले. पांढरीशुभ्र, गोल, एकसारखी. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "ज्या भुशावर ती वाढवतात ना, त्यातही युरिया घालतात." एकूण देवीला युरिया चुकणार नव्हता.

आईनं भाजी केली. या वेळी प्रत्येकाला पळीभर मिळाली, आणि यंदा चव कळली असं लोक कौतुकानं म्हणाले. आईनं बोटसुद्धा लावलं नाही. घरी आल्यावर उरलेल्या भाजीचं पातेलं तिनं चुलीपाशी ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

"खरं सांग. माझ्या गोणीनं गेल्या ना छत्र्या?"

"एका गोणीनं काय होतंय, आई. मागून लय पडल्या."

"पयली माझी व्हती."

मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

"वाईट वाटायलंय रे, लय वाटायलंय," ती म्हणाली. "माझ्या सासूनं दिलेला मान व्हता. पण तवा त्या बाकावर देवीनं छत्र्याच मागितल्या असत्या, तर म्या त्याबी दिल्या असत्या."

मग तिनं माझं ताट ओढलं, त्यात ती दुकानातली भाजी वाढली आणि विचारलं, "तुझ्या पोटाला जड तर न्हाई ना व्हायची?"

मी नाही म्हणालो, आणि सगळी खाल्ली.