सात नंबरची तार

पातूरकडच्या त्या मातीच्या धरणावर देवमनची नोकरी बसल्या जागेची, म्हणून टोमणेही त्यालाच जास्त. धरणाच्या पोटात ठिकठिकाणी ताणलेल्या तारांच्या डब्या पुरलेल्या होत्या. नंबराचे बिल्ले बांधलेल्या त्यांच्या केबली वरच्या खोलीत नंबरवार पितळी स्क्रूंना जोडलेल्या. देवमन आपली हातपेटी एकेका स्क्रूला लावायचा, बटण दाबून आतली तार छेडायचा आणि कानाच्या फोनात तिचा सूर पेटीतल्या तारेशी जुळवायचा. पाण्याचा दाब वाढला की सूर उतरायचा. गणित एवढंच, पण खालची चार गावं त्याच्या भरवशावर निवांत होती.

१९६४ च्या दसऱ्याला सकाळी सात नंबरचा सूर साफ उतरला.

सात नंबर धरणाच्या कोरड्या अंगाला. तिथे दाब चढला म्हणजे पाणी माती पोखरत आरपार निघालं. देवमनच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा जोडून पाहिलं, तरी तोच जड सूर. इंजिनिअर साहेबांनी स्वतः ऐकलं आणि तेही पांढरे पडले. तलाव काठोकाठ भरलेला. दारं उघडून पाणी सोडल्याशिवाय इलाज नव्हता, आणि पाणी सोडलं की नदीकाठची बौद्ध वस्ती आधी बुडणार. तिथे देवमनची आई केशरबाई पाय मोडून बाजेवर पडलेली. माणसं हलवायला गेलेली जीप वाटेतच चिखलात रुतल्याचा निरोप आला होता.

"साहेब, जराक थांबा. माय बुढी हाय तिथं."

"थांबलो आणि धरण फुटलं तर चार गावं जातील, देवमन."

हे खरं होतं, आणि देवमनला त्याचाच राग आला. बाहेर धरणाची दारं उघडायच्या चाकाशी नारायण खलाशी हुकमाची वाट पाहत उभा होता. परवाच केशरबाईची विचारपूस करून, तिच्याजवळ बसून भाकर खाऊन आलेला.

"बाकीच्या तारा वाच, लवकर," साहेब म्हणाले.

एक, दोन नेहमीसारखे. तीन नंबर पाण्याच्या अंगाचा, कायम जड. आज मात्र त्याचा सूर चढा. देवमन चमकला. तलाव भरलेला आणि पाण्याच्याच बाजूला दाब नाही? तो वाकला. पितळ लखलखत होतं, चिंचेचा आंबट वास येत होता. तीनच्या स्क्रूला सातच्या बिल्ल्याची केबल होती. सवयीच्या माणसाने सकाळपासून बिल्ला बघितलाच नव्हता.

"कोनं घासलं हे?"

नारायण दारात आला. "म्या. काल खंडेनवमी होती. समद्यायच्या हत्याराईले हळद-कुंकू लागलं. तू पूजा करत नाई, तं तुही पेटी काहून तशीच ठेवाव? केबली काढल्या, स्क्रू घासले, होत्या तशा लावल्या."

देवमनने केबली बदलल्या. स्क्रू घट्ट पिळले. बटण दाबलं. सातचा सूर बारीक, चढा, रोजचा. साहेबांनी तो दोनदा ऐकला आणि मटकन खुर्चीत बसले.

"दारं उघडू नका," ते म्हणाले.

नारायणच्या कानाखाली एक वाजवावी म्हणून देवमन बाहेर आला. नारायण उंबऱ्यावर बसून आपल्या तळहातांकडे पाहत होता.

"चाक म्याच फिरवलं असतं, देवमन. बुढीले म्याच बुडवलं असतं."

 देवमन त्याच्या शेजारी बसला.