फक्त नाव गाळलं

शुद्धलेखनाच्या चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफ करावं. चौथीनंतर पाटी सुटली. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून या वहीत लिहिते.

मुलीच्या मानेवर पांढरा डाग उठला, तोही लग्न जुळत आलं तेव्हा. आर्वीकडच्या पाहुण्यांना मी माझ्या तोंडानं सांगणारच होते, धीर होत नव्हता. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी मलम दिलं, तरी एकदा मोबाईलवर डागाचं औषध शोधलं. तेव्हापासून मोबाईल उघडला की डागाच्याच जाहिराती. चक्कीवर दळणाला कोणी आलं की मी मोबाईल पदराखाली घ्यायची.

मग कॉलेजातून एक मुलगी आली. मोबाईल आपली माहिती कशी विकतो, यावर तिचा अभ्यास होता. बोलण्याचे पाचशे रुपये.

"काकू, तुमचं नाव कुठेच येणार नाही," ती म्हणाली आणि कागदावर सही घेतली. इतक्या मायेनं मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी सगळं सांगून बसले.

पुढं ती बचत गटाच्या बैठकीत अभ्यास वाचून दाखवायला आली. "याच गावातली एक महिला पिठाची चक्की चालवते. लग्नाच्या मुलीला डाग..."

गावात चक्की एकच. आणि माझं नाव इथं कोणी घेतच नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी चक्कीवाली. तिनं गाळलं ते नाव कोणाला ठाऊक नव्हतं. ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी जाऊ मागून बोलली, "काऊन वं चक्कीवाली, झाकून पोरगी खपवून राह्यली होती का?"

बाया हसल्या. आठ दिवसांत पाहुण्यांचा निरोप आला, नको म्हणून. मुलगी माझ्याशी बोलेना.

कॉलेजची मुलगी घरी येऊन रडली. "काकू, मी सगळे नियम पाळले हो."

पाळले असतील. मोबाईलनंही मला विचारूनच घेतलं होतं. मीच 'हो' दाबलं होतं.

तिचे पाचशे मलमात गेले होते. दळणातून साठवून मी परत करायला लागले. ती नको नको म्हणायची, मी हातावर ठेवायची. दोनशे, पुन्हा दोनशे, काल शेवटचे शंभर. 'पूर्ण मिळाले' असं याच वहीत लिहायला लावलं आणि खाली तिची सही घेतली.