श्वासाले कायची जात

बाळंतीण लेकीच्या खोलीत काल ओव्याची धुरी दिली आणि तीस वर्षांपूर्वीची अमडापूरची दुपार आठवली.

माझी ही लेक जन्मली, पण रडलीच नाही. निळी पडली होती. मागच्या दारानं आत घेतलेली सुईण सारजाबाई तिच्या तोंडाला तोंड लावायला वाकली, तशा सासूबाई ओरडल्या, "तोंड नको लावू तिले! जात इसरली काय?"

"जीव जाऊन राह्यला लेकराचा, बाई. श्वासाले कायची जात?" म्हणत सारजाबाईनं फुंकर घातलीच. तिसऱ्या फुंकरीला पोर किंचाळली.

तेव्हा वाटलं होतं, लेक जाते की काय. आज भीती वाटते ती माझीच. लेक निळी पडत असताना मी "लावू द्या" म्हटलं नाही. सासूबाई हो म्हणतात का, ते बघत राहिले.